यंदा महालक्ष्म्या कुणाकडे

विधवेने तर्री पोहे खावेत की नाही, याबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नसावं. तरीही मी चौकातल्या ठेल्यावर उभी राहून ते खाल्ले, ही बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली होती. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर तेलाचा थर. तो पोह्यांवर ओतायचा, त्यावर कच्चा कांदा आणि शेव, आणि पहिल्याच घासाला नाक वाहायला लागलं पाहिजे. आमचे हे होते तेव्हा दर रविवारी डब्यात घेऊन यायचे. तर्री वेगळी बांधून आणा, असं मी हजारदा सांगितलं असेल. पण ठेल्यावरच ओतून घ्यायचे आणि घरी येईपर्यंत पोह्यांचा लगदा. सगळा संसार मी तो लगदा खाल्ला. म्हणून ह्या उन्हाळ्यात एका सकाळी पायात चपला घातल्या, चौकात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पोहे पोह्यांसारखे खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं. निम्मं तिखटाचं होतं.

शेजारीण फाटकाशी वाटच बघत होती.

"वर्ष तरी होऊ द्याचं होतं ना वं."

"पोह्याले वर्ष पाळा लागते काय?" मी म्हटलं.

ती बिचारी वाईट बाई नाही. हे थंडीत गेले तेव्हा पहिला चहा तिनंच आणून दिला होता. पण घरात कुणी गेलं की वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, गाणंबजावणं नाही, हे तिला पाठ आहे, आणि मला मात्र कुणी आठवण करून दिल्याशिवाय आठवणार नाही, असं तिला वाटतं. मला सगळं आठवतं. मी फक्त ऐकत नाही.

गाण्याचंही तसंच. मला कव्वाली आवडते. उमरेडला माझ्या वडिलांच्या घरी हातमाग होता, आणि पलीकडच्या मैदानात दर्ग्याचा उरूस भरायचा. मागाची खटखट आणि कव्वालीच्या टाळ्या ह्यांच्यात मला लहानपणी फरकच कळत नसे. दोन्ही ऐकलं की पाय हलायला लागत. ह्यांना आवडायची जुनी सिनेमातली रडकी गाणी, त्यातही पाऊस, वाट आणि कुणीतरी न येणारं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात हे इलेक्ट्रिशियन. दिवसभर भोंगे आणि घरघर ऐकून आल्यावर माणसाला हळू गाणी लागत असतील, असं मानून मी ती सहन केली. हे गेल्यावर लोक म्हणाले, आता तीच गाणी लाव, बरं वाटेल. लावली. बरं वाटलं नाही. ती तेव्हाही रडकी होती, आताही रडकीच आहेत. माणूस गेला म्हणून त्याची आवड आपल्याला आपोआप आवडायला लागते असं काही होत नाही, आणि झालं असतं तर तेच मला खोटं वाटलं असतं. मुलीनं दिलेला छोटा स्पीकर आहे. त्यावर मी कव्वाली लावते, भांडी घासताना जरा मोठ्यानेच. मला दुःख झालं आहे, मी बहिरी झालेली नाही.

ह्या दोन गोष्टींवर गल्ली नाक मुरडून गप्प बसली. तिसरी गोष्ट मात्र मोठी होती.

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. दोघी. थोरली आणि धाकटी. पत्र्याच्या उंच कोठ्यांत धान्य भरायचं, त्यांना लुगडी नेसवायची, वर पितळी मुखवटे बसवायचे. पहिल्या संध्याकाळी त्या घरात येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. घराण्यातल्या थोरल्या मुलाकडे त्या असतात. आमच्या घरात हे थोरले, म्हणून त्या माझ्याकडे. लग्न होऊन आले त्या वर्षीपासून थोरलीला मी उचलून आणते. माझ्या धाकट्या जावेचं लग्न झाल्यापासून धाकटीला ती आणते.

आता लोकांच्या घरची आरास मी बघून येते, आणि माझं तोंड बंद राहत नाही, हा माझा दोष आहे असं सगळे म्हणतात. थर्मोकोलचे राजवाडे आता बंद झाले म्हणतात, तरी कुठून तरी येतातच. प्लास्टिकची फुलं असतात, ज्यांवर गेल्या वर्षीची धूळ तशीच असते. एका घरी महालक्ष्म्यांच्या मागे धबधबा केला होता, मोटर लावून. देवीच्या लुगड्याचा काठ ओला. आणि सगळीकडे त्या डोळे मिचकावणाऱ्या माळा. ह्यांना त्या माळांचा फार राग. "मी दिवसभर मरतो लाईट जाऊ नये म्हणून, आणि लोक पैसे देऊन ती चालू-बंद करतात," असं म्हणायचे. आमच्याकडे साधे पिवळे दिवे, एकसारखे जळणारे. ते लावायचे हे. बाकी सगळं मी. वरच्या लाकडी चौकटीला फुलोरा बांधायचा, म्हणजे करंज्या, पापड्या, वेणीच्या आणि फणीच्या आकाराचं तळण, दोऱ्यानं लोंबतं. आणि लुगडी. ती माझ्या वडिलांनी विणलेली आहेत. सुती, काठ रेशमी. एक डाळिंबी, एक हिरवं. माझ्या लग्नात मला शालू दिला बाजारातून विकत आणून, आणि ही दोन लुगडी स्वतः विणून महालक्ष्म्यांना दिली. मी तेव्हा रुसले होते. आता वाटतं, बापाला कळत होतं कुणाचं लुगडं टिकेल.

पोळा झाला आणि दीर-जाऊ आले. दिराचं घर वाडीला, तिथंच ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे. आले ते टेम्पो घेऊन. दारात लावला, मागचा पडदा वर करून ठेवला. विचारायला आलेला माणूस टेम्पो घेऊन येत नाही, हे मला चहा टाकतानाच कळलं.

"वैनी," दीर म्हणाले, "औंदा महालक्ष्म्या आमच्याकडे घेऊन जातो."

"काहून?"

"काहून म्हंजे? वर्ष सरलं नाही अजून. अन् खंड तर पडू देता येत नाही. तुमाले माहीत आहे सारं. घरात सवाष्ण नाही. मुखवट्याले हात कोण लावन?"

"आतापर्यंत जो लागला तोच."

"तसं नाही चालत ना वैनी. लोकं काय म्हणतीन?"

"लोकायले मी जेवाले बोलावीन. तोंडात घास असला की माणूस बोलत नाही."

ते हसले नाहीत. मीही नाही. दीर माणूस म्हणून चांगले आहेत. ह्यांना दवाखान्यात नेताना त्यांनीच उचललं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला एका अवघड गोष्टीतून सोडवत आहेत. म्हणाले, "एका सालाची तर गोष्ट आहे. पुढच्या साली पाहू."

हे 'पाहू' मला चांगलं ओळखीचं आहे. वडिलांचा माग असाच पाहू म्हणून गुंडाळून ठेवला होता, तो पुन्हा कधी मांडला गेला नाही. शेवटी त्याची लाकडं चुलीत गेली. महालक्ष्म्या एकदा वाडीला गेल्या की पुढच्या वर्षी मी तिथे पाहुणी म्हणून जाणार. मला खुर्ची देतील, पाणी देतील, आणि आरतीच्या वेळी जरा मागे उभं राहायला सांगतील. हे गेले तेव्हा मी सुन्न होते. आता मात्र माझा राग ताजा होता, आणि त्याच्याखाली भीती होती. ह्या घरात माझं म्हणून जे काही होतं ते मी कुणाची तरी बायको होते म्हणून होतं का, आणि तो माणूस गेला की तेही टेम्पोत भरून न्यायचं का?

जाऊ कोपऱ्यातल्या कोठ्यांकडे बघत होती. मला तिचा राग आला, आणि लगेच कळलंही. लग्न झाल्यापासून तिनं दुसऱ्याच्या घरातल्या महालक्ष्म्यांसाठी भाज्या चिरल्या, ताटं वाढली, खरकटी काढली, आणि रात्री रिकाम्या हातानं वाडीला गेली. तिलाही वाटत असेल, एकदा तरी माझ्या दारात पावलं काढावीत.

तरी मी म्हटलं, "टेम्पो रिकामा न्या, भाऊजी. नाही देत मी."

"मंग आमी येणार नाही."

"नका येऊ. आंबील उरली तर पाठवून देईन."

आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची आंबट पातळ पेज. तिच्यावाचून महालक्ष्म्या जेवत नाहीत. दिरांना ती फार आवडते, हे मला माहीत होतं. मुद्दामच बोलले.

मुलीला फोन केला. ती कळमेश्वरला असते, जावई तिथल्या कंपनीत आहेत. मला वाटलं, पोरगी माझी बाजू घेईल. म्हणाली, "आई, जाऊ दे ना वं एक साल. काहून भांडून राहिली?"

"तुझे बाबा गेले. ह्याही गेल्या तर घरात माझ्यासोबत फक्त फ्रिज आवाज करीन."

ती रडायला लागली. येते म्हणू शकली नाही, कारण त्याच संध्याकाळी तिच्या सासरीही महालक्ष्म्या. ही खरी अडचण होती, आणि ती माझ्या लक्षात उशिरा आली. महालक्ष्म्या सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी येतात. गल्लीतली प्रत्येक सवाष्ण त्या वेळी आपापल्या दारात असते. आणि त्यांना आणायला एकटी बाई पुरत नाही. एक मुखवटा घेऊन बाहेरून येते, एक आत थाळी वाजवत उभी असते. आतली विचारते, कोण आलं? बाहेरची सांगते, महालक्ष्मी आली. आतलीनं विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आता माझ्या घरात आत कोण?

तरी तयारी केली. कोठ्या पुसल्या, गहू भरले, तांदूळ भरले. सोळा भाज्या शोधताना यंदा मंडईत फार फिरावं लागलं. भाजीवाल्यानं पडवळ म्हणून जे दिलं ते जून घोसाळं होतं, ते त्याच्या हातात परत ठेवलं. फुलोरा तळला. स्टुलावर चढून पिवळे दिवे मीच लावले. एक लागला नाही. होल्डर हलवला, लागला. लुगडी नेसवताना मात्र हात थांबले. दरवर्षी निऱ्यांचं दुसरं टोक हे धरायचे. धरता येत नसे त्यांना, सारखं सोडायचे, आणि मी ओरडायचे. आता ते टोक मी दाराच्या कडीला बांधलं. निऱ्या सरळ आल्या, कधी नव्हत्या इतक्या. मी तिथंच बसून हमसाहमशी रडले. मग तोंड धुतलं, कव्वाली लावली आणि धाकटीला नेसवलं.

गल्लीत दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देऊन आले. काही म्हणाल्या, "येतो." काही म्हणाल्या, "पाहू." शेजारीण माझ्या अंगणाकडे बघत राहिली, कारण तिथे मी फाटकापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं काढली होती.

त्याच संध्याकाळी त्या यायच्या होत्या. सगळ्या गल्लीत थाळ्या वाजायला लागल्या. कुठे लेकरं ओरडत होती, कुठे उदबत्तीचा धूर दाराबाहेर येत होता. मी तुळशीपाशी दोन्ही मुखवटे सुपात घेऊन उभी होते, आणि माझं घर उघडं, दिवे लागलेलं, रिकामं होतं. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, दिले असते तर बरं झालं असतं. एवढी हट्टी बाई देवीलाही आवडत नसेल. मग स्वतःचाच राग आला. विचारायला कोणी नसेल तर मी न विचारता आत जाईन, असं ठरवलं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. जाऊ उतरली. एकटीच. नवी साडी, नाकात नथ, हातात कसलीतरी पिशवी. धावत आली तशी दम लागला होता.

"आले नाही ते," ती म्हणाली. "म्या ऐकलं नाही त्यायचं. दरसाली धाकटीले मी आणते. औंदा काहून नाही आणू?"

तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण हातात सूप होतं.

"ताई, एक सांगू?" ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली. वाटेत सगळं ठरवून आली असणार, कारण एका दमात बोलली. "महालक्ष्म्या इथंच राहू द्या. तुमच्याच घरी. कुठं नेत नाही कोणी. फक्त आणते मी दोघीयले. तुमी आत राहा अन् आतून विचारा. कोणाले काही बोलाले जागा राहत नाही."

तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. त्यात मला हवं ते सगळं होतं. घर, कोठ्या, लुगडी, दुसऱ्या दिवशीचं जेवण. गल्ली गप्प बसली असती, दीर आंबील प्यायला आले असते. फक्त मी आत.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. सासरे गेल्यावर त्या दरवर्षी पहाटेपासून सोळा भाज्या रांधायच्या, पुरण वाटायच्या, आणि महालक्ष्म्या यायच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. आरती संपली की मी दार उघडून त्यांना सांगायचे, झालं. त्या पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि विचारायच्या, लुगडं नीट बसलं का? त्यानंतर एकदाही त्यांनी महालक्ष्मीला दारातून येताना पाहिलं नाही. घर त्यांचं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"ताई, आइका ना."

"तूच आइक. तू आत जा, थाळी घे. आधी मी थोरलीले आणते, तू विचार. मंग तू बाहेर ये अन् धाकटीले आण. मी विचारीन."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. तिथं काही नव्हतं. शेजारच्या अंगणात शेजारीण तिच्या सुनेसोबत उभी होती, तिच्या घरच्या महालक्ष्म्या आत जाऊन बसल्या होत्या, आणि आता त्या दोघी उघडपणे आमच्याकडे बघत होत्या. बघू दे, मी म्हटलं मनात. चांगलं बघून घ्या, उद्या सांगताना चुकायला नको.

जावेनं हातातली पिशवी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. पदर खोचला. आत गेली. मी धाकटीचा मुखवटा सुपासकट कट्ट्यावर ठेवला आणि थोरलीला दोन्ही हातांत घेतलं. पितळ गार होतं आणि मला आठवत होतं त्यापेक्षा जड. पावलांवर पाय पडणार नाही असं चालत उंबऱ्यापाशी आले. आत ती थाळी आणि चमचा घेऊन बरोबर दाराच्या मधोमध उभी होती. चमचा थाळीवर टेकलेला, पण वाजवत नव्हती. मी थांबले. न विचारता जायचं नाही.

खूप वेळ गेला असं मला वाटलं. तेवढा गेला नसेल.

मग तिनं थाळी वाजवली. एकदा, मग जोरात.

"कोण आलं?"

ठरलेलं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं.

"मी आली," मी म्हटलं. "हो बाजूले."

ती झाली.